गोळीआधीची तपासणी

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची एक गोळी असते, तिला प्रेप म्हणतात. अमेरिकेने तिला 2012 साली मान्यता दिली. आज आम्ही सांगतो ती गोष्ट मात्र नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टरडॅम शहराची.

तिथे 2000 नंतर पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या एचआयव्हीबाधित पुरुषांमध्ये हिपॅटायटिस सी, म्हणजे यकृत पोखरणारी सी कावीळ, वाढताना दिसली. हिचा विषाणू रक्तातून जातो. एकमेकांच्या सुईतून, तसाच संबंधात झालेल्या बारीक जखमेतूनही. पण एचआयव्ही नसलेल्यांना हा धोका फारसा नाही, असाच समज होता. शोधलंच नाही, तर सापडणार कुठून?

2015 मध्ये तिथल्या सरकारी केंद्रात प्रेप देण्याचा प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीलाच रक्त तपासलं. 375 जणांपैकी 18 जणांत सी काविळीची लागण आढळली. 15 जणांच्या रक्तात विषाणू तेव्हाही होता. यातले बहुतेक विषाणू एचआयव्हीबाधितांमधल्या विषाणूंशी जुळले.

‘गोळी मिळाली की माणसं बेफिकीर होतात,’ असं आपण सहज बोलून जातो. इथे तर पहिली गोळी पोटात जायच्या आधीच आजार अंगात होता! तो दिसला, कारण गोळीच्या निमित्ताने कुणीतरी रक्त तपासलं.

ही गोळी सी कावीळ अडवत नाही, गरमी आणि परमाही नाही. म्हणून ती घेणाऱ्यांची दर तीन महिन्यांनी तपासणी करतात. सी कावीळ आता दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरी होते, पण पुन्हाही होऊ शकते.