वसईच्या वाडींतील घरसंसार व त्याचीं साधनें

वसईच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे संशोधकाच्या डोळ्यांपुढें प्रथम किल्ला उभा राहतो, आणि किल्ल्याच्या पाठोपाठ तह, करारनामे, बातमीपत्रें व मोहिमेचे जमाखर्च. तें स्वाभाविकच आहे. इ. स. १५३४ त गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई पोर्तुगीजांस दिली. १७३९ च्या मे महिन्यांत (शके १६६१) चिमाजी आपांनीं ती त्यांजपासून घेतली. १७८० त जनरल गॉडर्डनें ती जिंकली व सालबाईच्या तहानें ती पुन्हां पेशव्यांकडे आली. १८०२ च्या डिसेंबरच्या ३१ व्या तारखेस दुसऱ्या बाजीरावानें तेथेंच इंग्रजांशीं तह केला. आणि १८१८ त सर्व मुलूख इंग्रजी अमलाखालीं गेला. तीनशें वर्षांच्या आंत एकाच ठाण्यावर इतकीं निशाणें चढलीं व उतरलीं. परंतु त्या निशाणांच्या छायेंत जीं घरें उभीं होतीं, त्यांत पाणी कोठून येत होतें, काय शिजत होतें, काय विणलें व वळलें जात होतें, हें विचारण्याची आपल्यांत फारशी वहिवाट नाहीं.

या दोषांत प्रस्तुत लेखक सर्वांच्या पुढें आहे. कित्येक वर्षांपूर्वीं वसई तालुक्यांतील एका जुन्या घरीं सनदांच्या शोधार्थ गेलों असतां, माळ्यावरील पेटाऱ्यांतून मोर्तबाचे दोन कागद निघाले, ते मोठ्या हर्षानें उतरून घेतले. खालीं घरखर्चाच्या वह्यांचें एक गाठोडें होतें. त्यांत नारळांची मोजदाद, रहाटाच्या लोट्यांची किंमत, सुताराची मजुरी, लग्नाच्या स्वयंपाकाची यादी असा मजकूर दिसला. "हें राहूं द्या" असें सांगून तें परत केलें. दोन वर्षांनीं बुद्धि सुचून पुन्हां गेलों, तों गाठोडें रद्दींत गेलें होतें. मोर्तबाच्या त्या दोन कागदांनीं कोणताहि नवा मुद्दा सिद्ध झाला नाहीं, हेंहि येथें नमूद करणें प्रामाणिकपणाचें होईल.

वसईंत 'वाडी' या शब्दाचा अर्थ केवळ वस्ती असा नव्हे. कुंपणानें बंदिस्त केलेली बागाइत, तिच्यांत घर, विहीर, गोठा, आणि केळी, माड, सुपारी, पानवेल व भाजीपाला, हें सर्व मिळून वाडी होते. घर वाडींत असतें. वाडी घराला लागून असते असें नव्हे. हा भेद लहान दिसला तरी तेथील राहणी समजण्यास तोच उपयोगी पडतो. इ. स. १६९५ त जेमेली कारेरी हा इटालियन प्रवासी वसईस आला होता. किल्ल्याबाहेरील कसब्याच्या बाजूस पंधरा मैलपर्यंत बागाच बागा लागून राहिल्या आहेत, त्यांत माड, आंबे व इतर देशी फळझाडें असून ऊंस मुबलक आहे, आणि यंत्रानें पाणी चढवीत असल्यामुळें त्या सदा हिरव्या राहतात, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. पोर्तुगीज उमरावांचे बंगलेहि तेथें होते. उन्हाळ्यांत हवा खाण्यास व शहरांतील सांथीपासून दूर राहण्यास ते तेथें जात. कारेरीला हवाखोरांचीं नांवें व डौल दिसला. तें यंत्र कोणी घडविलें व कोण हांकीत होतें, हें त्यानें सांगितलें नाहीं. पाहुण्यानें तें विचारावें अशी अपेक्षाहि नाहीं.

तें यंत्र म्हणजे रहाट, याविषयीं आमच्या मतें संशय नको. संस्कृत अरघट्ट, त्यापासून रहाट. पोर्तुगीज येण्यापूर्वीं कित्येक शतकें हा शब्द व ही वस्तु आपल्याकडे रुळलेली होती. कांठावर उभें मोठें चाक, त्यावरून पाण्यांत सोडलेली दोराची माळ, माळेला बांधलेले मातीचे लोटे, आणि बैल किंवा रेडा गोल फिरला म्हणजे फिरणारें दांत्यांचें आडवें चाक, इतकीच रचना. पण या एका रहाटांत सुतार, कुंभार, दोर वळणारा व जनावर राखणारा असे चौघे गुंतलेले असतात. लोटे फुटतात, म्हणून कुंभाराचें येणें वर्षास एकदां नव्हे, वरचेवर. चाकाचे दांते झिजतात, म्हणून सुतार घरचाच होऊन जातो. वर आलेलें पाणी पाटानें जाऊन झाडाच्या आळ्यांत पडतें. आणि आळें हा शब्दहि संस्कृत आलवालाचाच वंशज आहे.

रहाट पुष्कळ ठिकाणीं विहिरीवर असे, कित्येक ठिकाणीं बावखलावर. वसईबाहेरच्या वाचकांस हा शब्द अपरिचित असण्याचा संभव आहे, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. बावखल म्हणजे वाडीच्या पोटांत खणलेलें उघडें तळें. पावसाचें पाणी त्यांत सांठतें व भोंवतालच्या विहिरींस झिरपतें. 'बाव' म्हणजे विहीर, संस्कृत वापी. 'खल' हा खोलगट भागाचा वाचक असावा, असें आम्हांस वाटतें. वसईच्या पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस खाडी, उत्तरेस वैतरणेचें मुख. जमिनीखालीं खारें पाणी टपून बसलेलें. गोड्या पाण्याचा भार वर राहिला तरच खारें पाणी खालीं दबून राहतें. हें भूजलशास्त्र पुस्तकांतून न शिकतां वाडीकरांनीं खोऱ्या-कुदळीनें सिद्ध केलें होतें. उन्हाळ्यांत बावखलांतील गाळ उपसावयाचा व तो झाडांच्या बुडाशीं घालावयाचा, म्हणजे एकाच श्रमांत तळें खोल होतें व खत मिळतें. बावखल बहुधा एका घराचें नसे. अनेक कुटुंबांचा त्यांत वांटा असे, आणि पाण्याची पाळी ठरलेली असे. भाऊ विभक्त झाले, चुली वेगळ्या झाल्या, तरी बावखल वांटतां येत नाहीं. यामुळें वाटणीपत्रांत त्याचा उल्लेख येणें क्रमप्राप्त होतें, व आपल्या दृष्टीनें महत्त्वाचा कागद तो हाच.

येथें राजवाड्यांच्या एका मताचा विचार करणें जरूर आहे. त्यांनीं १९२४ त महिकावतीची बखर छापून उत्तर कोंकणच्या इतिहासाचें एक दालनच उघडलें. त्या बखरींतील केशवाचार्यांचा भाग शके १३७० चा, म्हणजे इ. स. १४४८ चा. कुळें, गांवें, वृत्ति यांची तींत रेलचेल आहे. प्रस्तावनेंत राजवाड्यांनीं, सामान्य रयत राज्यक्रांतीविषयीं उदासीन कां, याचा ऊहापोह करतांना त्या उदासीनतेचा संबंध अन्नाच्या सुलभतेशीं जोडला आहे. त्यांच्या प्रतिभेपुढें नम्र होऊनहि म्हणावेसें वाटतें कीं, वसईच्या वाडीपुरतें तरी अन्न सुलभ नव्हतें. तें सुलभ दिसत होतें. फाल्गुन-चैत्रांत दोन दिवस रहाट थांबला तर पानवेल माना टाकते. जें घर आपलें पाणी, आपलें छप्पर, आपला दोर व आपला मसाला स्वतः सिद्ध करतें, तें राज्यकर्त्याकडे पाठ फिरवितें याचें कारण आळस नव्हे; त्याला तिकडे पाहण्यास फुरसत नाहीं. आणि पाठ तरी नेहमीं कोठें फिरविली? मराठ्यांस साष्टी-वसईंत आणण्याची खटपट करणारे गंगाजी नाईक अंजूरकर हे याच टापूंतील. उदासीन प्रांतांतून असा पुरुष व त्याला सहाय करणारीं माणसें निघत नाहींत.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. पोर्तुगीज अमलाची खूण जितकी तटबंदींत आहे तितकीच फडताळांत आहे. पाव, कोबी, बटाटा, पपई, अननस, काजू हे जिन्नस, आणि परात, घमेलें, बालदी, पिंप, चावी, बिजागरी या वस्तु, यांचीं नांवें पोर्तुगीजांतून आलीं हें सर्वमान्य आहे. यांत एक मौज अशी कीं, पोर्तुगीज भाषेंत 'बटाटा' हा शब्द आधीं रताळ्यास लागू होता. मराठीनें रताळ्यास आपलाच शब्द दिला व उपरा शब्द मागून आलेल्या कंदास बहाल केला. मिरचीहि परदेशांतूनच आली, पण तिला नांव मिळालें घरच्या मिऱ्यावरून. सर्वांत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट क्रियापदांची. कांडणें, दळणें, पाखडणें, वाटणें, घुसळणें, चिरणें, उकडणें, भाजणें: यांतील एकहि पोर्तुगीज नाहीं. भांडें परकें आलें, भाजी परकी आली, परंतु हात घरचाच राहिला. शब्दांवरून अमलाची खोली मोजावयाची तर नामांपाशीं थांबूं नये, असें आमचें मत आहे.

हीच गोष्ट धर्मांतरानंतरच्या समाजांतहि दिसते. सामवेदी ब्राह्मणांपैकीं जे ख्रिस्ती झाले ते कुपारी म्हणवितात (हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्र'वरून आला असें बहुधा मानतात). परंतु त्यांची व धर्म न बदललेल्या सामवेद्यांची बोली एकच, आणि वाडीची रीतहि एकच. ख्रिस्ती घरांत फुगे तळतात. जुन्या रीतीनें त्याचें पीठ ताडीनें फुगवीत, म्हणजे युरोपीय खाद्यास भंडाऱ्याच्या माडाचें साहाय्य. वसई-साष्टींतील ख्रिस्ती घरांचा बाटली-मसाला उन्हाळ्यांत भाजून, लांकडी मुसळांनीं कांडून, गडद रंगाच्या बाटल्यांत ठांसून भरतात, व तो वर्षभर पुरतो. शेजारच्या वाडवळ घरांत हिंवाळ्यांत उकडहंडी लागते: कंद, रताळीं, वालाच्या शेंगा, वांगीं, सर्व एका मडक्यांत. कुंपणाच्या दोहों बाजूंस देव निराळे, पण ऋतूचें वेळापत्रक तेंच.

सुकेळीं हा वसईचा खास जिन्नस. आगाशीच्या सुकेळ्यांची ख्याति जुनी आहे. सुकें केळें तें सुकेळें. याला राजेळी जातीचेंच केळें लागतें. लोंगर गवतांत घालून पिकवावयाचा, सालें काढावयाचीं, व गर उन्हांत मांडवावर पसरावयाचा. रात्रीं दंव लागूं नये म्हणून सर्व गोळा करून झांकावयाचा व सकाळीं पुन्हां मांडावयाचा. असे सुमारें सात दिवस गेले म्हणजे तें मधासारखें तांबूस व चिवट होतें. मग केळीच्याच वाळल्या पानांत बांधावयाचें. साखर नाहीं, मीठ नाहीं, बाहेरची एक काडी नाहीं. मांडावर सकाळ-सायंकाळ वेंचण्याचें काम मुलांचें, उलटण्याचें बायकांचें, बांधण्याचें वृद्धांचें. कुटुंब एकत्र बसण्याचा वेळ म्हणून निराळा काढलेला नसे. पानें मोजणें, सुंभ वळणें, झाप विणणें, फुलें निवडणें, याच कामाभोंवतीं ओटीवर सर्व जमत, आणि लग्नांतील गाणीं, कुळकथा व गांवच्या सीमेचे तंटे तेथेंच एका पिढीकडून दुसरीकडे जात. १८६४ च्या अखेरीस लोहमार्ग मुंबईस पोंचल्यावर या ओटीवरील टोपल्यांस मुंबईचा बाजार उघडा झाला. घरापुरतें पिकविणें मागें पडून बाजारापुरतें वेंचणें वाढलें. यांत पैसा आला हें खरें, व पैशाबरोबर हिशेबाच्या वह्याहि आल्या.

या प्रांतांत हातकामाची स्मृति किती बळकट आहे याचें एक उदाहरण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सोपाऱ्यास एक उंचवटा होता, त्यास लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. १८८२ त पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो उकरला, तों आंत बौद्ध स्तूप निघाला. दगडी पेटींत एकांत एक ठेवलेले करंडक, सुवर्णपुष्पें, बुद्धांच्या आठ मूर्ति व यज्ञश्री सातकर्णीचें एक रुप्याचें नाणें सांपडलें. बुद्ध विसरला गेला, सातकर्णि विसरला गेला. लोकांनीं त्या ढिगावर राजा बसविला तो टोपल्या विणणारा.

आज वसई-विरारची स्थिति सर्वांस ठाऊक आहे. २००९ त तेथें महानगरपालिका झाली, २०१४ त पालघर जिल्हा निराळा झाला, आणि वाडीच्या जागीं इमारती येत आहेत. रहाटाची जागा विजेच्या पंपानें घेतली, आणि कित्येक बावखलें बुजविलीं गेलीं. बागाइत राखण्यासाठीं तेथील लोकांनीं, त्यांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या साहित्यिक धर्मगुरूंनीं, चळवळ केली, तिचा इतिहास निराळा लिहिला पाहिजे. आमचें काम त्याहून लहान आहे. घर पाडतांना माळा प्रथम रिकामा होतो, व माळ्यावरचें सर्व एका दिवसांत रद्दींत जातें.

यासाठीं संग्राहकांस विनंति अशी कीं, वसई, आगाशी, सोपारें, निर्मळ, पापडी या बाजूचे कागद ज्यांचे हातीं येतील त्यांनीं मोर्तब नाहीं म्हणून ते टाकूं नयेत. बावखलाच्या पाळीचा किंवा वांट्याचा उल्लेख असलेलें वाटणीपत्र, रहाटाच्या दुरुस्तीचा खर्च, लग्नाच्या स्वयंपाकाची यादी, यांपैकीं कांहींहि मिळाल्यास त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी. नक्कल करतांना नारळांची संख्या, मजुरीचा दर व फुटलेल्या लोट्यांचा आंकडा गाळूं नये. आणि कागद ज्या वाडींत सांपडला तिचें नांव व तेथील बावखल अद्याप भरतें कीं बुजलें, हें शेजारीं टिपून ठेवावें.