साखरेच्या जागी मोह

नावात ब्रेड असला तरी बनाना ब्रेड हा खरं तर केक आहे. यीस्ट नाही, कणीक मळणं नाही. सालीवर काळे डाग पडलेली केळी कुस्करायची, त्यात मैदा, साखर, लोणी, अंडी आणि खायचा सोडा घालून भाजायचं. १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, तो अमेरिकी पाककृतीच्या पुस्तकांत रुळला. टाकून द्यावं लागणारं केळं वापरात आणणं हा त्याचा जन्मजात स्वभाव. २०२० च्या लॉकडाउनमध्ये जगभरच्या स्वयंपाकघरांत तोच उपयोगी पडला. म्हणूनच त्याच्या प्रत्येक रेसिपीखाली एकच प्रश्न असतो: हे नसेल तर काय घालू?

चंद्रपूर-गडचिरोलीत या प्रश्नाला चांगली उत्तरं मिळतात. बटरमिल्क नाही? ताक आहे. आंबटपणा सोड्याला भेटला की वायू सुटतो आणि पीठ फुगतं. ते काम ताक चोख करतं. ओव्हन नाही? कुकरच्या तळाला मीठ पसरा, शिट्टी आणि रिंग काढा, मंद आचेवर ठेवा. अक्रोड नाहीत? याच जंगलातली चारोळी आहे. मैद्याऐवजी थोडी तांदळाची पिठी चालते. हा भाताचाच मुलूख. पण पिठीत मैद्याचा चिकटपणा नसतो, म्हणून केळं जरा जास्त घालावं लागतं.

आणि साखर नसेल तर? इथे उत्तर झाडाखाली पडलेलं असतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्रभर गळतात आणि बाया-पोरं पहाटे टोपल्या घेऊन ती वेचायला जातात. वाळलेलं फूल मनुकेसारखं दिसतं. त्याच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग साखरेचा असतो. आतले केसर झटकून, धुऊन, भिजवून, वाफवून त्याची पेस्ट केली की केकमधली साखर बऱ्यापैकी कमी करता येते. पेस्टमध्ये पाणी असतं, त्यामुळे दूध कमी घालायचं. या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचा वाटा मोठा, त्यामुळे वरची कड लवकर लाल होते. आच थोडी कमी ठेवायची.

इथवर ही एक रेसिपी झाली. मला अडखळायला होतं ते ‘साखरेला पर्याय’ या शब्दांपाशी. या जंगलात पर्याय नक्की कोण कोणाला आहे?

कारखान्यातली पांढरी साखर इथल्या गोंड-माडिया घरांत अलीकडे आली. मोह फार आधीपासून आहे. फुलं भाजून तीळ किंवा जवसाबरोबर कुटायची, लाडू वळायचे, भाकरीच्या पिठात मिसळायची, नुसती शिजवून खायची. बियांचं तेल काढायचं. ही सगळी रोजच्या स्वयंपाकातली कामं. पण कागदावर मोहाची ओळख वेगळीच नोंदली गेली.

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा होऊन इंग्रजांकडे गेलं, त्यात चांदा जिल्हाही गेला. आजचा गडचिरोली तेव्हा त्याच चांद्याचा भाग होता. तो वेगळा जिल्हा झाला १९८२ मध्ये. इंग्रजी कारभाराला मोह दोन खात्यांत दिसला. एक जंगल खातं, दुसरं अबकारी. जंगल राखीव झालं आणि दारू गाळण्यावर परवाना आला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतात माणसं उपाशी मेली. अशा काळात मोह खाऊन लोक तगले, आणि मग त्याला तिसरी ओळख चिकटली: दुष्काळातलं अन्न, म्हणजे खरं अन्न नसताना खायची वस्तू.

तिकडे मुंबई इलाख्यात सरकार आणखी पुढे गेलं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत १८९२ मध्ये खास मोहफुलांसाठी कायदा झाला. फुलं जवळ बाळगण्यावरच मर्यादा आली. फुलातून दारू होते, दारूतून महसूल येतो, म्हणून फूलच ताब्यात घ्यायचं, असा त्याचा हिशेब. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, त्यातही मोहफुलांवर नियंत्रण होतंच. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि पुढे हा कायदा इथेही लागू झाला.

याच्या शेजारी एक दुसरं चित्र ठेवून पाहा. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या अखेरीस, ब्रिटनने केळ्यांची आयात थांबवली. तिथल्या गृहिणींनी पार्सनिप नावाचा गाजरासारखा पांढरा कंद उकडून कुस्करला, त्यात केळ्याचा अर्क घातला आणि पोरांना ते ‘केळं’ म्हणून पावावर लावून दिलं. आज ती गोष्ट तिथे कौतुकाने सांगितली जाते, युद्धातली जिद्द आणि कल्पकता म्हणून. चांद्याच्या जंगलात मोह भाकरीत घालणाऱ्या बाईच्या वाट्याला ते कौतुक आलं नाही. तिच्या कृतीला लाचारी म्हटलं गेलं. खरं तर तिने कशाची नक्कलही केली नव्हती.

दारूचा प्रश्न खोटा होता असं मात्र म्हणता येणार नाही. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या चळवळीतून, आणि त्यात घरोघरी मार खाणाऱ्या बायका पुढे होत्या. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. त्यावरचा वाद अजून संपलेला नाही. इथल्या बातम्यांत ‘मोहसडवा नष्ट’ हा मथळा नेहमीचाच. पण सडवा गुळाचाही घालतात. तरी गूळ म्हटलं की आपल्याला आधी पुरणपोळी आठवते आणि मोह म्हटलं की आधी बाटली. हा फरक त्या दोन पदार्थांतल्या साखरेने केलेला नाही.

हे विसरणं महाग पडतं. कुठलं फूल किती वाळवायचं, केसर का काढायचे, कुठल्या झाडाचा मोह जास्त गोड, हे ज्ञान बायकांच्या हातात असतं. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या बायकांकडून झाडांविषयीचं असं ज्ञान ऐकून ‘गोईण’ या पुस्तकात लिहिलं. गोईण म्हणजे जिवाभावाची मैत्रीण. हेच फूल वेचताना आज वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात. एवढा धोका पत्करून आणलेली टोपली व्यापाऱ्याकडे जाते तेव्हा तिची किंमत दारूच्या कच्च्या मालाची लागते की अन्नाची, हा त्या घराच्या वर्षभराच्या मिळकतीचा प्रश्न असतो.

चित्र थोडं बदलतंय. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा आणि मर्दा या गावांना देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळाले. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध सैल केले. मोहाचे लाडू, सरबत, जॅम आता प्रदर्शनांत दिसतात.

तेव्हा बनाना ब्रेडमध्ये मोह जरूर घाला. केळं आणि मोह यांची जोडी छान जमते, वरून चारोळी पेरली तर आणखीच. फक्त फोटोखाली ‘साखरेला देशी पर्याय’ असं लिहिण्याआधी जरा थांबा. या मुलखात मोह आधीपासून होता. साखर त्याच्या जागी आली.