खोलीच्या तापमानाचे गृहीतक : धातू व बहुवारिके यांच्या यांत्रिक वर्तनाच्या अभ्यासाचा ऐतिहासिक आढावा

बीजसंज्ञा : स्थितिस्थापकता, बहुवारिक, क्रीप, काचसंक्रमण तापमान, ठिसूळ भंग, प्रमाणित चाचणी

प्रस्तावना

पदार्थाच्या बलचाचणीच्या अहवालात प्रतिबल, विकृती व भंगबल यांचे आकडे दिलेले असतात आणि त्यांच्यासोबत 'खोलीच्या तापमानाला' असा एक त्रोटक उल्लेख असतो. हा उल्लेख वरकरणी औपचारिक वाटतो. परंतु पदार्थविज्ञानाच्या इतिहासाकडे पाहिल्यास त्यामागे एक मोठे गृहीतक दडलेले आढळते. खोलीचे तापमान ही तटस्थ स्थिती आहे आणि त्या स्थितीत मिळालेला आकडा हा त्या पदार्थाचा स्थिर गुणधर्म आहे, असे ते गृहीतक होय. ते प्रामुख्याने धातूंच्या अनुभवावर उभे राहिले. बहुवारिकांना ते जसेच्या तसे लागू पडत नाही व धातूंनाही सर्वत्र लागू पडत नाही, हे ध्यानात येण्यास दीर्घ काळ जावा लागला आणि त्याची किंमत काही प्रसंगी मनुष्यहानीच्या रूपाने मोजावी लागली. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची घडण आणि त्याच्या मर्यादा यांचा आढावा घेण्यात आला आहे.

धातूंचा अनुभव आणि स्थितिस्थापकतेचा सिद्धान्त

पदार्थांच्या बलाचा पद्धतशीर विचार गॅलिलिओच्या इ. स. १६३८ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रथम आढळतो. भिंतीत एका टोकाला रोवलेली तुळई किती भार सहन करेल, हा त्याचा प्रश्न होता. पुढे रॉबर्ट हुक याने १६७८ मध्ये ताणलेल्या स्प्रिंगची वाढ ही लावलेल्या बलाच्या प्रमाणात असते, हा नियम उघडपणे मांडला. १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत टॉमस यंग याने पदार्थाच्या ताठपणाचे माप म्हणून ज्या गुणांकाची कल्पना मांडली, तो आज त्याच्याच नावाने ओळखला जातो.

या सर्व मांडणीत काळ व तापमान या दोन राशींना स्थान नव्हते. लोखंड, पोलाद व तांबे यांच्या बाबतीत ही उणीव सहसा जाणवतही नाही. याचे कारण त्यांच्या वितळणबिंदूत आहे. लोखंड सुमारे १८११ केल्विनला वितळते. खोलीचे तापमान ३०० केल्विन धरल्यास ते या बिंदूच्या जेमतेम एक षष्ठांश भरते. तांब्याच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ०.२२ आहे. एवढ्या खालच्या तापमानाला स्फटिकातील अणूंची जागा सोडून जाण्याची क्रिया जवळजवळ गोठलेली असते. त्यामुळे स्थितिस्थापक मर्यादेत टांगलेला भार आज जेवढी वाढ घडवतो, तेवढीच तो वर्षभराने दाखवतो. शिसे मात्र ६०१ केल्विनला वितळते. खोलीचे तापमान त्याच्यासाठी वितळणबिंदूच्या निम्मे ठरते आणि म्हणून शिशाची तार स्थिर भाराखालीही हळूहळू लांबत जाते. ई. एन. द सी. अँड्रेड याने १९१० मध्ये केलेल्या अभ्यासातून या क्रीपचे गणिती रूप पुढे आले. एकाच खोलीत ठेवलेले पोलाद 'थंड' आणि शिसे 'उष्ण' असते, असे या अर्थाने म्हणता येईल.

धातू कायमचे वाकतात कसे, हा प्रश्न मात्र बराच काळ अनुत्तरित राहिला. याकोव्ह फ्रेंकेल याने १९२६ मध्ये केलेल्या हिशेबानुसार निर्दोष स्फटिकाचे थर एकमेकांवरून सरकवण्यास जे बल लागावयास हवे, त्याच्या हजारो पट कमी बलाने प्रत्यक्षातील शुद्ध स्फटिक वाकतात. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान व पोलानी या तिघांनी स्वतंत्रपणे याचे उत्तर दिले. स्फटिकात डिस्लोकेशन नावाचे रेषीय दोष असतात आणि संपूर्ण थर एकदम न सरकता हा दोष थराथरांतून पुढे जातो. असे दोष वाढून एकमेकांत अडकले की धातू कठीण होतो. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर मठारकाम करून भांड्याला जो कठीणपणा आणतात, त्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण हेच आहे.

बहुवारिकांचे वेगळेपण

रेशीम, रबर यांसारख्या नैसर्गिक बहुवारिकांनी या चौकटीला फार पूर्वीच आव्हान दिले होते. केंडल येथील अंध निसर्गतत्त्वज्ञ जॉन गॉफ याने १८०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार रबर झटकन ताणले असता ते गरम होते आणि भार टांगलेली रबराची पट्टी तापवल्यास आखडते. जूल याने १८५९ मध्ये याची पुष्टी केली. गटिंगेन येथे विल्हेल्म वेबर याने १८३५ मध्ये चुंबक टांगण्यासाठी वापरलेल्या रेशमी धाग्यांचा अभ्यास केला, तेव्हा भार लावताच धागा लांबतो, नंतरही तो सावकाश लांबत राहतो आणि भार काढल्यावर सावकाशच पूर्ववत होतो, असे त्यास आढळले. मॅक्सवेल (१८६७) व बोल्ट्झमन (१८७४) यांनी अशा कालसापेक्ष वर्तनाला गणिती रूप दिले. तरीही अभियंत्यांच्या व्यवहारात ही अपवादात्मक बाबच राहिली.

या वर्तनाचा उलगडा होण्यासाठी रेणूंचे चित्र स्पष्ट व्हावे लागले. हेर्मान श्टाउडिंगर याने १९२० मध्ये असे पदार्थ अतिदीर्घ साखळीरेणूंचे बनलेले असतात, हे मत मांडले. समकालीनांचा विरोध सोसून हे मत रुजले व १९५३ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. गुथ व मार्क यांनी १९३४ मध्ये दाखवले की, ताणलेले रबर मागे ओढते ते अणुबंध ताणले जातात म्हणून नव्हे; सरळ झालेल्या साखळ्या पुन्हा अस्ताव्यस्त होऊ पाहतात म्हणून. १९३० मध्ये ड्यू पाँट कंपनीत कॅरोदर्स यांचे सहकारी ज्युलियन हिल यांना असे आढळले की, पॉलिएस्टरचा थंड झालेला धागा मूळ लांबीच्या कित्येक पट ओढता येतो व ओढल्यावर तो अधिक बळकट होतो. येथे साखळ्या ओढीच्या दिशेने रांगेत येतात. १९३८ मध्ये जाहीर झालेल्या नायलॉनच्या धाग्यांचे बल याच क्रियेवर आधारलेले आहे.

बहुवारिकांना काचसंक्रमण तापमान असते. त्याखाली साखळ्या गोठलेल्या असतात. त्यावर त्या हालचाल करू लागतात. पॉलिस्टायरीनसाठी हे तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअस, तर नैसर्गिक रबरासाठी सुमारे उणे ७० अंश आहे. म्हणूनच एकाच टेबलावर ठेवलेली पॉलिस्टायरीनची पट्टी कडक व ठिसूळ, तर रबराची पट्टी लवचिक असते. अनेक बहुवारिकांची संक्रमणे खोलीच्या तापमानाच्या आसपासच घडतात. त्यामुळे काही अंशांचा फरक व भार लावण्याचा वेग यांनी आकडे बदलतात.

गृहीतकाची किंमत

१६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे 'स्केनेक्टडी' हे नवे तेलवाहू जहाज शांत पाण्यात धक्क्याला उभे असताना जवळजवळ दुभंगले. युद्धकाळात बांधल्या गेलेल्या २,७००हून अधिक 'लिबर्टी' जहाजांपैकीही अनेकांना तडे गेले. प्रथम दोष जोडकामाला देण्यात आला. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी मात्र दाखवले की, खोलीच्या तापमानाला तन्य असणारे ते पोलाद थंडीत ठिसूळ होत होते. सलग जोडलेल्या पत्र्यांमुळे तडा अडला नाही, इतकेच. नेहमीच्या ताणचाचणीत हा दोष दिसला नव्हता.

२८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' यान नष्ट होऊन ७ अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्या सकाळी हवेचे तापमान सुमारे २ अंश सेल्सिअस होते. अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडी थंडीमुळे पुरेशा त्वरेने फुगून फट बुजवू शकली नाही. ते रबर काचसंक्रमणाच्या खाली गेलेले नव्हते. ते केवळ मंद झाले होते, आणि तेवढे मंदपणही पुरेसे ठरले. सुमारे १२ अंशांखाली उड्डाण करू नये, असा आग्रह आदल्या रात्री संबंधित अभियंत्यांनी धरला होता. तो व्यवस्थापनाने डावलला. चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमन यांनी बर्फाच्या पाण्यात दाबून धरलेला रबराचा तुकडा सोडून तो लगेच पूर्ववत होत नाही, हे सर्वांसमक्ष दाखवले.

समारोप

वरील इतिहासाचा ठसा आजच्या प्रमाणित चाचण्यांवर उमटलेला दिसतो. धातूंच्या ताणचाचणीसाठी आंतरराष्ट्रीय मानकात १० ते ३५ अंश ही ऐसपैस कक्षा चालते. प्लॅस्टिकसाठी मात्र २३ अंश व ५० टक्के सापेक्ष आर्द्रता ही काटेकोर स्थिती सांगितलेली असून उष्ण प्रदेशांसाठी २७ अंश व ६५ टक्के असा पर्याय दिलेला आहे. भारतात शेतीसाठी वापरल्या जाणाऱ्या पीव्हीसी नळांची दाबक्षमताही २७ अंशांनाच निश्चित केली जाते. विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात उघड्यावर पडलेला नळ त्याहून कितीतरी अधिक तापतो, हे लक्षात घेता त्या आकड्यावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत पोलादी तारेचा यंग गुणांक काढताना तापमान न नोंदवले तरी उत्तर बिघडत नाही. हीच सवय बहुवारिकांकडे नेली, तर आकडा बरोबर आणि निष्कर्ष चुकीचा अशी स्थिती उद्भवते. म्हणून तापमान व भार लावण्याचा कालावधी या दोन्हींची नोंद करणे हा मोजमापाचाच अविभाज्य भाग होय, हे अध्यापनातून बिंबवले जाणे अगत्याचे आहे. गुणधर्म पदार्थाचा असतो. परंतु तो कोणत्या स्थितीत प्रकट होतो, हे सांगितल्याशिवाय त्याचे विधान पूर्ण होत नाही.