पार्श्ववक्रता (स्कोलिओसिस)

पाठीचा कणा बाजूला वळून मणक्यांना पीळ पडण्याचा विकार. निरोगी कणा बाजूने पाहिल्यास मान व कंबर येथे आत, तर पाठीशी बाहेर वळलेला असतो. मागून मात्र तो सरळ दिसतो. क्ष-किरण चित्रावर कॉब यांच्या पद्धतीने (१९४८) मोजलेला कोन १० अंश वा अधिक भरला, तरच पार्श्ववक्रता मानतात. बहुतेक रुग्ण पौगंडावस्थेतील असून त्यांच्यात निश्चित कारण सापडत नाही. या प्रकारास अज्ञातहेतुक म्हणतात.

वाकडे बसल्याने कणा वाकडा होतो, ही समजूत अस्थिव्यंगशास्त्राइतकीच जुनी आहे. निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ मधील ग्रंथात मुलांच्या बसण्याच्या सवयींना आणि टेबल-खुर्च्यांच्या उंचीला दोष दिला. खुंटाला बांधलेल्या वाकड्या झाडाचे त्यातील चित्र पुढे या शाखेचे बोधचिन्ह ठरले. पुरावा वेगळे सांगतो. मुलगे आणि मुली सारख्याच बाकांवर बसतात, तरी मोठी वक्रता मुलींमध्ये कितीतरी अधिक आढळते. एकयुग्मज जुळ्यांपैकी दोघांनाही विकार असण्याचे प्रमाण द्वियुग्मज जुळ्यांपेक्षा जास्त असते. सवयीपेक्षा आनुवंशिकता व वाढ यांचा वाटा मोठा असल्याचे यावरून दिसते.

यावर पहिला आक्षेप असा, की एका पायावर भार टाकून उभ्या राहणाऱ्या मुलाची पाठ खरोखरच वाकडी दिसते. पण मूल कमरेतून पुढे वाकले की ही धारणाजन्य वक्रता नाहीशी होते. रचनात्मक वक्रतेत मणके फिरलेले असल्याने त्याच वेळी एका बाजूच्या बरगड्या वर उठून दिसतात. ॲडम्स यांच्या नावाची तपासणी यावरच आधारलेली आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: धडाभोवती बांधायच्या पट्ट्याच्या (ब्रेस) दाबाने वक्रता रोखता येते, तर बाहेरच्या दाबाने ती निर्माण का होऊ नये? वाढत्या हाडावर सतत दाब आला की त्या बाजूची वाढ मंदावते, हे खरेच. म्हणून सुरू झालेली वक्रता वाढीच्या वयात बळावते. परंतु त्यातून ती बळावण्याचा उलगडा होतो, सुरू होण्याचा नाही. शिवाय पट्टा रोज कित्येक तास एकाच दिशेने दाबतो. बसलेले मूल चुळबुळत असते. अमेरिका व कॅनडातील चाचणीत (२०१३) पट्टा वापरणाऱ्या ७२ टक्के रुग्णांची वक्रता वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांखाली राहिली. केवळ निरीक्षणाखालील गटात हे प्रमाण ४८ टक्के होते.

दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंतच असावे, हा भारताच्या २०२० च्या दप्तर धोरणातील दंडक पाठदुखी व थकवा टाळण्यासाठी रास्त आहे; दप्तराने कायमची वक्रता येते, असे मात्र सिद्ध झालेले नाही. ‘नीट बस’ एवढेच सांगत राहिल्याने पट्टा उपयोगी पडण्याची वर्षे हातची जातात, हा या समजुतीचा खरा तोटा होय.

इतर वक्रता : मणक्यांच्या क्षयाने येणारे कुबड (पॉट, १७७९), शॉयरमान यांनी वर्णिलेले पौगंडावस्थेतील कुबड.

शस्त्रक्रिया : साधारणतः ४५–५० अंशांपुढे.