आडव्या ‘र’ची दोन कुळे
मालाडच्या मढ-मार्वे किनाऱ्यावरच्या कोळ्याचा दर्या आणि सह्याद्रीच्या दऱ्या यांच्यात लिहिताना फरक एका र चा. पहिल्यात तो रफार होऊन डोक्यावर चढतो, दुसऱ्यात य च्या आधी आडवा होतो. मराठीचे पान या आडव्या र शिवाय भरत नाही, पण संगणकात तो साठवायचा कसा, याचे उत्तर एकच राहिले नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१च्या ‘इस्की’ मानकात नुक्तावाल्या ऱ ला हलन्त जोडला की तो मिळे. युनिकोडच्या १९९६मधल्या दुसऱ्या आवृत्तीने मात्र साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह असा क्रम धरला. पुढे युनिकोड ‘इस्की’च्या रीतीकडे वळले, पण मधल्या काळात लिहिलेला मजकूर वाऱ्यावर सोडला नाही. ‘दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगततेसाठी’ असे स्पष्ट सांगून जुना क्रमही आर५ए या उपनियमात राखला. मराठीपुरते बोलायचे तर जुन्या आवृत्तीशी सुसंगतता तपासण्याचे कूळ मी या उपनियमात शोधतो. नियम लिहिला की तो पाळला जातो का, हे कुणीतरी पाहावेच लागते.

पाहणे सोपे नव्हते, कारण गुंता एका र पुरता राहिला नाही. जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संस्थेत काम करणाऱ्या र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट विंडोज २००० बरोबर वापरकर्त्यांपर्यंत पोचला. नंतर व्हिस्टाच्या काळात मायक्रोसॉफ्टने देवनागरी जोडाक्षरे जुळवण्याची पद्धतच बदलली. जुन्या फॉन्टवर ‘डेव्हा’ ही खूण राहिली आणि नव्यांसाठी ‘डेव्ह२’ आली. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस यांत अक्षरे जुळवण्याचे काम करणारा हार्फबझ हा मुक्तस्रोत प्रकल्प या दोन्ही खुणा ओळखतो आणि जुन्या खुणेच्या फॉन्टसाठी हलन्ताची जागा वेगळी धरतो. या जुळणीची बरोबर-चूक ठरवायला हार्फबझच्या मंडळींनी विकिपीडियांतून शब्दांचे ढीग काढले आणि प्रत्येक शब्दावर आपले उत्तर मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइब या अक्षरजुळणी प्रणालीच्या उत्तराशी ताडून पाहिले. एवढेच नाही, तर युनिस्क्राइबच्या चुकांसकट त्याची नक्कल करणारा एक पर्यायही त्यांनी ठेवला होता. मुक्तस्रोतवाल्यांनी बंदिस्त प्रणालीच्या चुका मुद्दाम गिरवाव्यात, हे ऐकायला विचित्रच. पण विंडोजवर अक्षर नीट दिसले की फॉन्ट झाला, असे मानूनच कितीतरी फॉन्ट बनले. अशा फॉन्टसमोर केवळ मानक पाळणारी प्रणाली बरोबर असूनही वाचकाला मोडके अक्षर दाखवते. म्हणून ही चाचणी नुसत्या मानकातून काढता येत नाही. प्रत्यक्ष वापरातले नमुने गोळा करावेच लागतात.

यावर पहिला आक्षेप असा की जुना मजकूर एकदाच बदलून टाकावा आणि ही दुहेरी हमाली संपवावी. आपल्या ताब्यातल्या मजकुरापुरते ते ठीकच आहे. पण लोकांना पाठवून झालेल्या फायली कुणी बदलायच्या? डिजिटल सही केलेल्या कागदात तर एक चिन्ह जरी बदलले तरी सहीचा पडताळा चुकतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एकाच दिसणाऱ्या अक्षराचे दोन क्रम चालू दिले की शोध फसतो. ‘किनाऱ्या’ एका क्रमाने लिहिलेले आणि दुसऱ्याने शोधले, तर साध्या शोधाला ते सापडत नाही. हे मान्यच करावे लागते. युनिकोड ऱ आणि ‘र अधिक नुक्ता’ यांना एकरूप मानते, पण आडव्या र च्या या दोन क्रमांना नाही. आता मानायचे म्हटले तरी जमणार नाही, कारण एकरूपतेचे ठरलेले नियम पुढच्या आवृत्त्यांत बदलायचे नाहीत, असे वचन युनिकोडने देऊन ठेवले आहे. सुसंगततेचीच ही अडचण, आणि ती सुसंगतता सोडून सुटणारी नाही. माझ्या मते लिहिण्याचा क्रम एक असावा आणि वाचण्याचे दोन. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबले की ऱ येतोच, तेव्हा नव्या कीबोर्डांनी तोच क्रम उमटवावा. शोधयंत्रांनी मात्र दोन्ही क्रम एक धरावेत आणि आपल्या चाचण्यांत १९९६चे रूपही ठेवावे.