मुलांच्या अंगणात गेलेली शाळा

वस्तीतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना एकत्र जमवून खेळवायचे, ही शहरी मध्यमवर्गाने परदेशातून आणलेली हौस आहे, असा समज पक्का आहे. तो निराधार नाही. माँटेसरीबाईंचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत सुरू झाले, पण आपल्याकडे ती पद्धत प्रथम रुजली ती शिकल्या-सवरल्या घरांत. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केला. तिथे येणारी मुले न्हाऊ-माखू घातलेली, वेळेवर पोहोचवली जाणारी होती. शिक्षणाची साधने महाग होती आणि ती परवडणारे पालकही होते. मात्र आज महाराष्ट्रातल्या गावागावांत जी बालवाडी दिसते, तिची घडण दादरला झालेली नाही. ती झाली बोर्डीला, आणि तीही शाळेत न येणाऱ्या मुलांमुळे.

१९४५ मध्ये ताराबाईंनी डहाणू तालुक्यातल्या या किनाऱ्यावरच्या गावात ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतली मुले तिच्याकडे फिरकेनात. त्यांना अडवणाऱ्या गोष्टी अनेक होत्या. आई-बाप पहाटेच कामावर जात, थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असे, अंगावर धड कपडा नसे, आणि गावात अस्पृश्यतेचा धाक होताच. तेव्हा कार्यकर्त्या स्वतः वस्तीत गेल्या. एखाद्या घरापुढच्या मोकळ्या अंगणात त्या मुलांना जमवत, त्यांचे नाक-डोळे पुसत, केस विंचरत, नखे काढत आणि मग गाणी-गोष्टी सुरू होत. मण्यांऐवजी शंख-शिंपले आणि बिया आल्या, विकतच्या ठोकळ्यांची जागा मातीने घेतली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले, तेव्हा हाच विचार आणखी पुढे नेला गेला. धाकट्याला सांभाळायचे म्हणून थोरली शाळेत येत नाही, हे पाहून तिथल्या विकासवाडी या प्रकल्पात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरवली. मुलाचा दिवस जिथे आणि जसा जातो, तिथे आणि तशी शाळा न्यायची, हे या साऱ्यामागचे सूत्र होते. माझ्या मते मराठी मातीने बालशिक्षणाला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

यावर एक जुना आक्षेप आहे: हे सारे घरातली आजी करतच होती, मग त्यासाठी संस्था कशाला? जिथे आजीसुद्धा मजुरीला जाते, तिथे या प्रश्नाला अर्थ उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अंगणातली शाळा म्हणजे गरिबांच्या पदरात टाकलेले दुय्यम शिक्षण, असे म्हटले जाते. कोसबाडचे काम पाहता ते मला पटत नाही. ताराबाई-अनुताईंनी काटकसर केली ती इमारतीत आणि साहित्यात. शिकवणारीच्या तयारीत त्यांनी कधीच हात आखडता घेतला नाही. बालसेविकांचे प्रशिक्षण हा त्यांच्या कामाचा मुख्य भागच होता. दुय्यमपणा आला तो नंतर. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पसरली. पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी ही कामे त्यात आली, ती हवीच होती. पण या साऱ्याबरोबर पूर्वप्राथमिक शिक्षणही त्याच एका सेविकेवर सोपवले गेले, आणि तिला पगाराऐवजी मानधन दिले गेले. नोंदवह्यांच्या ओझ्याखाली गाणी-गोष्टी मागे पडल्या, यात नवल नाही. म्हणून दोष अंगणाला देता येत नाही, तो शिकवणारीची किंमत कमी लेखणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

आपल्या गल्लीत वा सोसायटीत लहान मुलांचा गट सुरू करू पाहणाऱ्यांनी खेळण्यांची यादी जरूर करावी. पण त्याआधी, याच परिसरातली कोणती मुले आपल्याकडे येणार नाहीत आणि का, हे घरोघर जाऊन विचारावे. वॉचमनचे, धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे, शेजारच्या बांधकामावरच्या मजुराचे मूल त्यात असेल, तर गट त्यांना जमेल त्या जागी आणि त्यांना जमेल त्या वेळी भरवावा.