बारा वर्षं बंद पडलेला बी-275

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं आपल्याकडं ट्रॅक्टर बाहेरच्या देशातूनच यायचा. 1959 ला फरिदाबादला आयशरनं देशात ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. मग 1963 ला महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टर ह्या अमेरिकन कंपनीशी भागीदारी केली आणि मुंबईत कांदिवलीला बी-275 बनू लागला. मूळ डिझाइन त्या कंपनीच्या इंग्लंडमधल्या कारखान्याचं. चार सिलिंडर, साधारण 35 हॉर्सपॉवर. एचएमटी, स्वराज हे पुढं सत्तरच्या दशकात आले. वडिलांच्या काळी ट्रॅक्टर पैसे देऊन लगेच मिळत नव्हता, नंबर लावून थांबावं लागायचं.

त्यात सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. बॅटरी लागते ती ग्लो प्लग तापवायला आणि स्टार्टर फिरवायला. एकदा पेटलं की इंजिन दाबाच्या उष्णतेवर चालतं. म्हणून असलं इंजिन बारा वर्षांनीसुद्धा परत येऊ शकतं. आमचं आलं. भंगारवाला वजनावर भाव करून गेलेला आणि धाकटा भाऊ द्यायला तयार होता. त्याचंही चूक नव्हतं, शेडातली जागा अडली होती.

बंद इंजिनात बिघडतं काय? सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खाली उतरतं. ज्या सिलिंडरचा व्हॉल्व उघडा राहिला, त्यात दमट हवा शिरते आणि रिंगा लायनरला गंजून धरतात. पंपात आणि नोझलमध्ये जुन्या डिझेलचा चिकटा बसतो. एअर क्लिनरमध्ये उंदराचं घरटं तर ठरलेलंच.

गावात पहिला सल्ला मिळतो, "दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढ, गिअरात टाक." असं करू नका. जाम पिस्टन ओढला की रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉडसुद्धा वाकतो. आम्ही नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल-ऑइल मिसळून सोडलं. आठ दिवस थांबलो. मग पुढची चाकं अडवली, मागचं एक चाक उचलून खाली ठोकळे लावले, वरचा गिअर टाकला आणि हातानं चाक मागं-पुढं हलवत राहिलो. तिसऱ्या दिवशी बोटभर हललं. मिस्त्री म्हणाला, "आता जिंकलो."

टाकीतलं जुनं डिझेल, तळाचं पाणी, सगळे फिल्टर, पायपा, चेंबरचं ऑइल बदललं. पंप दुकानात तपासून घेतला. हा खर्च टाळू नका, कारण पंपातला रॅक चिकटून राहिला तर इंजिन सुसाट सुटतं, थ्रॉटल ओढून थांबत नाही. चालू करताना एक माणूस हवेच्या तोंडाशी जाड फळी घेऊन उभा केला होता. हाताचा पंजा तिथं कधीच लावू नका.

हवा काढून स्टार्टर मारला. आधी पांढरा धूर, मग एकेक सिलिंडर धरत गेला. लक्ष ऑइल प्रेशरच्या काट्यावर ठेवा. तो लगेच उठला नाही तर बंद करा. आमचा उठला. तासभर बिनलोड चालवून ऑइल परत बदललं, काळंकुट्ट निघालं. नांगराला अजून जुंपलेला नाही, सध्या पाण्याचा टँकर ओढतोय.